पाडण्याआधी मोजून घेतलेला वाडा

कसबा पेठेत एखादा वाडा पडणार असला की त्याची कुणकुण सगळ्यांत आधी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला लागते. तो येतो, देवडीत उभा राहून खांबावर बोटाची पेरं वाजवतो, वर मान करून तुळया निरखतो, सागवान किती आणि वाळवीनं खाल्लेलं किती याचा मनात हिशोब मांडतो आणि चहा न घेता जातो. मग बिल्डर येतो. मग कधी दिवाळीलाही न फिरकलेले पुतणे येतात. पावसाळा तोंडावर आला की दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटते. आम्ही पोचायचो ते या सगळ्यांच्या नंतर, बाहेर पत्रे ठोकून झाले की. तोवर आत बघण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

निदान लाकूडवाल्याच्या पाठोपाठ तरी आपण पोचावं, एवढ्या इराद्यानं आम्ही काही शेजारी एकत्र आलो. एक निवृत्त शाळामास्तर, तांबट आळीतले एक काका, एक तरुण वास्तुरचनाकार मुलगी, तिच्या कॉलेजातली दोन पोरं आणि मी. मी साताऱ्याहून लग्न होऊन या पेठेत आले, त्यामुळे मास्तरांच्या हिशोबी अजून पाहुणीच आहे. संस्था नोंदवायचं खूळ आमच्याही डोक्यात आलं होतं. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, ते कसेबसे जमवले. पण सात जणांचं एका नावावर एकमत काही होईना, तेव्हा तो विषय तसाच सोडून दिला. पेठेत आम्हाला आता ‘मोजणीवाले’ म्हणतात आणि त्यावर भागतं.

कसबा ही पुण्याची सगळ्यांत जुनी पेठ. पेशव्यांच्या आधीची, जिजाऊ आणि बालशिवाजी इथं राहिले तेव्हाही असलेली. पण जुनं असणं वेगळं आणि जुनं दिसणं वेगळं. आज लाल महाल म्हणून शाळेच्या सहली जी इमारत बघून जातात ती महापालिकेनं १९८०च्या दशकात बांधलेली आहे. शनिवारवाड्याचा तट आणि दरवाजे उभे आहेत, आतला वाडा १८२८च्या आगीत गेला. खरोखर जुनं जे काही उरलंय ते आळ्यांमध्ये, लोकांच्या घरांत, मोरीच्या मागं नि माळ्यावर आहे. आणि तिथं शिरायचं तर मालकाची परवानगी लागते.

पहिल्या बैठकीतच वाद झाला. मास्तरांनी यादी करून आणली होती. अमुक सरदारांचा वाडा, तमुक सावकारांचा वाडा, नक्षीदार खांब, महिरपी, गणेशपट्टी. तांबटकाकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “मास्तर, यात आमची आळी कुठंय?” मास्तर म्हणाले, “तुमच्याकडं नक्षीदार काही उरलेलं नाही हो.” काका म्हणाले, “आमच्याकडं मठारकाम आहे. सकाळी हातोडे सुरू झाले की अख्ख्या आळीला वेळ कळायची. ते लिहा की.” मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देणं. त्यानं पत्रा कणखर होतो आणि वर ती चमकती ठिपक्यांची नक्षी उठते. हे यादीत कुठल्या रकान्यात घालायचं यावर मुलीनं तोड काढली. तिनं फॉर्ममध्ये ‘इथं काय काम चालायचं’ असा रकानाच टाकला. माझ्या मते आमच्या सगळ्या कागदांत हाच रकाना सगळ्यांत उपयोगी पडला. त्यात पुढं शिकवण्या, खानावळ, पापड, छापखाना, आणि एका ठिकाणी नुसतं ‘बाळंतपणं’ असंही आलं.

फॉर्म घेऊन दारोदार फिरायला लागल्यावर कळलं, की ‘वारसा’ हा शब्द काढला की दार अर्धं मिटतं. मालकाला वाटतं, एकदा महापालिकेच्या वारसा यादीत नाव गेलं की खिळा ठोकायलाही परवानगी. ही भीती अगदीच खुळी नाही. यादीत वास्तूंना श्रेणी देतात. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळपास हात लावता येत नाही, दुसरीत आतून थोडेफार बदल चालतात, तिसरीत जास्त सूट असते. सूट म्हणजे काय आणि किती हे ठरवायला समिती. बदल्यात टीडीआर, म्हणजे इथं न करता येणारं बांधकाम दुसरीकडं करायचा किंवा विकायचा हक्क, मिळू शकतो, पण त्यासाठी आधी मालकी निर्वेध हवी. इथं प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या पाच मुलांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं फेरफार होत होत पुरवणी जोडायची वेळ आलेली. त्यात भाडेकरू. १९४७च्या कायद्यानं गोठलेलं भाडं १९९९च्या नव्या कायद्यानंतरही फारसं हललेलं नाही. महिन्याला जेवढे पैसे येतात तेवढ्यात चार कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. अशा मालकाला “वाडा जपा हो” म्हणायला जीभ रेटावी लागते. मास्तरांना लागत नाही, पण ते स्वतः सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहतात.

अखेर एका वाड्याच्या मालककाकांनी स्वतःहून बोलावलं. करार झालेला होता, पावसाळ्यानंतर पाडकाम. म्हणाले, “जाणार तर आहेच. मोजून घ्यायचं असेल तर घ्या. फक्त यादीबिदीत घालू नका.”

दोन चौकी वाडा. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, त्याभोवती पडव्या, समोर सोपा, मग माजघर, मागं दुसरा चौक आणि त्यात आड. खाली घडीव दगडाचं जोतं, वर लाकडी सांगाडा, मध्ये पातळ जुन्या विटा मातीत रचलेल्या, छताला कडीपाट. मला वाटलं होतं, टेप धरायची नि आकडे सांगायचे. पण जुन्या वाड्यात काटकोन नावाची गोष्टच नसते. खोली चौकोनी दिसते, मोजली की समोरासमोरच्या दोन भिंतींत वीतभराचा फरक. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे, तेव्हा कुठं ती कागदावर आपल्या खऱ्या आकारात बसते. भिंतीची जाडी खिडकीच्या किंवा कोनाड्याच्या कडेनं घ्यायची. जमीन कुठं किती खाली बसलीय हे पाहायला पोरांनी लेझर आणलं होतं, पण चौकातल्या उन्हात त्याचा ठिपका दिसेना. शेवटी शेजारच्या कामावरून एक गवंडी आला आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं त्यानं सगळ्या खांबांवर एकाच पातळीच्या खुणा करून दिल्या. त्या खुणांवरून कळलं की मागची बाजू आडाकडं चांगलीच कललेली आहे.

वाडा बांधणाऱ्यानं फुटात विचार केलेला नव्हता, खणात केला होता. दोन खांबांमधला एक खण. सोपा पाच खणी, माजघरही पाच खणी. हे एकदा लक्षात आल्यावर नकाशा भराभर जुळायला लागला. जिथं खण जुळत नव्हता तिथं मागाहून काहीतरी झालेलं होतं हे आपोआप दिसायचं. एका ठिकाणी खांब गायब, त्याजागी लोखंडी गर्डर. एका ठिकाणी जिन्याची दिशाच फिरवलेली.

मागाहून झालेलं तर पुष्कळ होतं. सोप्यात प्लायवूडच्या भिंती घालून दोन संसार. पडवी बंद करून स्वयंपाकघर. माजघराच्या कोपऱ्यात मोरी, बाहेरून काढलेला पाइप. मुलीचं म्हणणं, आपण मूळ आराखडा काढायचा, ही ठिगळं सोडून द्यायची. मी अडून बसले. त्या प्लायवूडमागं माणसांची सत्तर वर्षं गेलीत, ती कशी सोडायची? बराच वेळ वाजलं. शेवटी ठरलं की मूळचं काळ्या रेघेनं आणि नंतरचं लाल रेघेनं दाखवायचं, आणि प्रत्येक लाल खोलीत कोण राहतं, कधीपासून, हे आकड्यासकट लिहायचं. या लाल रेघा पुढं किती महागात पडणार आहेत याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

मोजणी पोरं करायची, बोलायचं काम माझ्याकडं. पडवीतल्या आजी या वाड्यात नवी नवरी म्हणून आलेल्या. साल विचारलं तर सांगता यायचं नाही. कोणालाच येत नाही. म्हणून मी साल विचारणंच सोडलं आणि खुणेच्या घटना विचारायला लागले. हा फोटो पानशेतच्या आधीचा की नंतरचा? म्हणजे १२ जुलै १९६१च्या. आमच्या भागात ही खूण हमखास चालते, कारण नदीकाठच्या पेठांत त्या दिवशी ज्याचं काही गेलं नाही असं घर शोधावं लागेल. भांडी सापडली, फोटो गेले, असं कितीतरी घरांत ऐकलं. त्यापुढची खूण कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. मग ७२चा दुष्काळ, मिलोची लाल ज्वारी. मग जोशी-अभ्यंकर खून, १९७६-७७, तेव्हा दिवेलागणीलाच दारं लागायची. आजी म्हणाल्या, “ही मोरी? ती पानशेतनंतर. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, मालकांनी फरश्या घातल्या, तेव्हाच आमच्या ह्यांनी मोरी करून घेतली. त्याआधी आम्ही आडावरच.” अशी मोरीची तारीख मिळाली. कुठल्या दफ्तरात ती मिळाली नसती.

आडावरून पाण्याचा विषय निघाला आणि वाड्याबाहेर गेला. पेशव्यांच्या कात्रजच्या नळाचं पुणेकरांना भारी कौतुक. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून, दगडी बांधणीच्या भुयारी नळातून, नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं. वाटेत हवेसाठी उच्छ्वास, शहरात ठिकठिकाणी हौद. माणूस चालत जाईल एवढा तो नळ आहे आणि खरंच अचंबा करण्यासारखं काम आहे. आम्हीही सुरुवातीला हौदांच्याच मागं लागलो होतो. पण एका गल्लीत एक बाबा मला म्हणाले, “हौद, हौद काय करता ताई, त्या हौदावर आमच्या आजीला शिवू देत नव्हते. तेही लिहिणार का?” लिहिलं. हौदांची गोष्ट सांगायची तर महात्मा फुल्यांनी १८६८मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तिथपर्यंत ती यायला हवी, आणि डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लेकीच्या आठवणीसाठी बांधलेल्या बाहुलीच्या हौदापर्यंतही. नाहीतर नुसतं स्थापत्य उरतं. मास्तरांना हे पटलं, पण ‘आपला विषय जरा भरकटतोय’ असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे. वही माझ्याकडं आहे.

मालककाकांच्या माळ्यावर एक पेटी निघाली. मोडी कागद. काकांचे डोळे चमकले. नाना फडणविसांचं पत्र निघणार अशी घरात तीन पिढ्यांची खात्री होती. आम्ही आधी त्यांना दोन गोष्टींची शपथ घातली. कागद लॅमिनेट करायचे नाहीत आणि चिकटपट्टी लावायची नाही. लॅमिनेशननं कागद जपला जातो हा समज इतका पक्का आहे की निम्म्या घरांत आजोबांच्या सनदा प्लॅस्टिकात गुदमरलेल्या सापडतात, आणि ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. घड्या मऊ ब्रशनं झाडून, सपाट करून, सावलीत ठेवून फोटो काढले. फोटोंच्या मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, पेननं नाही. हे बारीकसारीक वाटतं, पण या कामात निम्मं शहाणपण एवढंच आहे.

वाचायला एका मोडी जाणकारांकडं गेलो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्द कुठं तोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. जाणकारांनी गठ्ठा चाळला आणि गालात हसले. उधारीचे रुक्के, किराणा, भाड्याच्या पावत्या, एका लग्नातल्या आहेराची लांबलचक यादी. एकच कागद जुना निघाला. त्यावर साल होतं ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन, जुन्या दफ्तरांतलं अरबी आकड्यांचं साल, ११७१. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवायचे, आणि हे साल मृगाला बदलतं म्हणून १७७०-७१. कागद कशाचा? शेजाऱ्याची पन्हळ आपल्या भिंतीवर पडते, ती हद्द नेमकी कोणाची, याचा तंटा. काका जरा खट्टू झाले. मला मात्र तो नाना फडणविसांच्या पत्रापेक्षा बरा वाटला. त्यात हद्दीच्या चारी बाजूंना कोण राहतं ते लिहिलेलं होतं, आणि एका बाजूला तांबट होता. तांबटकाकांनी त्या ओळीची झेरॉक्स मागून घेतली आणि दुकानात लावली आहे.

मग वाडा पडला. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पुण्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सागवान ट्रकमधून गेलं, बारीकसारीक कड्या-कोयंडे पुढं जुन्या बाजारात दिसतील म्हणून पोरं दोन-चार रविवार फिरून आली, काही ओळखीचं सापडलं नाही. काकांनी आम्हाला एक कोरीव हस्त, म्हणजे खांबावर तुळईला आधार देणारा लाकडी ब्रॅकेट, देऊ केला होता. घ्यावासा फार वाटला. पण ठेवायचा कुठं? दिनकर केळकरांनी दारं, खिडक्या, दिवे जमवून संग्रहालय उभं केलं, कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून आणून पुन्हा जुळवला. त्यांच्यापाशी आयुष्य आणि जागा दोन्ही होतं. आमच्यापाशी मास्तरांच्या सोसायटीतली स्कूटरची जागा आहे. हस्त लाकूडवाल्याकडंच गेला.

त्या दिवसांत मास्तरांचा सूर असा, की वाडाच गेला तर नकाशे काय चाटायचे? मी त्यांना भिडे वाड्याची आठवण करून दिली. १८४८ साली मुलींची शाळा जिथं सुरू झाली तो बुधवार पेठेतला वाडा राष्ट्रीय स्मारक व्हावा म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात लढाई झाली, आणि डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठीच तो मोडका वाडा जमीनदोस्त झाला. तिथं आता नवी वास्तू उभी राहील. मागणी रास्त होती, वाडा तगण्यासारखा राहिला नव्हता, हेही खरं. पण इतक्या वर्षांत त्याची पडझड थांबवण्याइतकं सुद्धा कोणाच्या हाती नव्हतं. एवढ्या मोठ्या वाड्याची ही गत, तर आमच्या पन्हळवाल्या वाड्याला कोण विचारतो? त्याचे नकाशे आहेत हेच पुष्कळ.

नकाशांना विचारणारं माणूस मात्र लवकरच आलं. पडवीतल्या आजींचा मुलगा. नव्या इमारतीत भाडेकरूला जागा मिळते ती त्याच्या वापरात किती क्षेत्र होतं त्यावर. बिल्डरच्या कागदात त्यांची पडवी आणि मोरी मिळून जेवढी दाखवली होती, त्याहून आमच्या लाल रेघांत ती बरीच मोठी होती. वाडा तर पडलेला, पुन्हा मोजायची सोय नाही. म्हणजे पुरावा एकच, आमचा. त्यानं प्रत मागितली.

मालककाकांचा पुतण्या दुसऱ्याच दिवशी आला. “काकांनी तुम्हाला इतिहासासाठी आत घेतलं होतं. तुम्ही वारसावाले की भाडेकरूंचे वकील?”

त्या रात्रीची बैठक फार कडू झाली. मास्तर म्हणाले, आपण तंट्यात पडलो तर पेठेत एकही मालक दार उघडणार नाही, प्रत द्यायची नाही. पोरं गप्प. मी म्हटलं, त्या खोलीचं माप आजींनी घरात घेऊन, सामान हलवून, चहा देऊन मोजू दिलंय; ते जितकं मालकांचं तितकंच त्यांचं. शिवाय १७७०चा तंट्याचा कागद आपण इतिहास म्हणून कौतुकानं मिरवतो, मग आत्ताचा तंटा तेवढा विटाळ कसा? तांबटकाका म्हणाले, “दोघांना द्या. एकाच वेळी, एकसारखी. सही घेऊन.” तसंच केलं. आजींना नव्या इमारतीत किती जागा मिळेल ते अजून ठरायचंय. मालककाका रस्त्यात भेटले की हसतात, थांबत नाहीत. आणि मास्तर म्हणाले होते तेही खरं ठरलं: होकार दिलेल्या दोन वाड्यांनी ‘सध्या नको’ कळवलं.

आता आमच्याकडं एक पानी संमतीपत्र आहे. मुलीनं लिहिलं, एका वकीलताईंनी फुकट तपासून दिलं. त्यात पहिल्यांदाच लिहिलंय की मोजलेल्या नकाशाची एक प्रत मालकाला आणि एकेक प्रत त्या वास्तूत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मिळेल, आणि हे मान्य नसेल तर आम्ही मोजणार नाही. मास्तरांनी त्यावर सही केली, पण ‘नाइलाजानं’ असा शेरा मारून. गेल्या महिन्यात ते घेऊन तीन ठिकाणी गेलो. दोघांनी वाचून परत दिलं. तिसरा वाडा कुंभारवाड्याकडचा, त्यात मालकीणबाई एकट्या राहतात आणि सात बिऱ्हाडं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे माझी खोलीसुद्धा नीट मोजणार ना? माझ्या दिरानं कार्डावर ती चुकीची लावलीय.” टेप घेऊन दिवाळीनंतर जायचंय.